पारा ऊर्फ टाका याच्या ताब्याविषयी

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, धंदा मोजमापाची उपकरणे तपासून त्यांना दाखला देण्याचा, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि पुढचा मजकूर मी स्वतः, एकटीने, तिसऱ्या प्रयत्नात लिहिला आहे. पहिले दोन मसुदे जास्त लांब झाले म्हणून फाडले. हाही लांब होणार असे दिसते.

कलम १. कारण

येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची दुरुस्ती आहे. झडप जन्मापासून थोडी गळते. आता थोडीपेक्षा जास्त गळते. गळणारी झडप वेळेत दुरुस्त करावी, असे मी कारखानदारांना रोज बजावते, त्यामुळे स्वतःच्या बाबतीत टाळाटाळ करण्याला तोंड उरले नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी धोका शंभरात दोन सांगितला आणि “काळजीचं काही नाही” असे वर म्हणाले. माझ्या कामात शंभरात दोनची चूक दाखवणारा काटा आम्ही दाखला न देता परत पाठवतो. तरी मी घाबरलेली नाही. दोन म्हणजे शून्य नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते दोन या कागदावर भागवून टाकायचे आहेत.

कलम २. आधीची लिखाणे रद्द

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. बाविसाव्या वर्षी एका वहीच्या मागच्या पानावर ‘माझी एकही वस्तू दादाला मिळू नये’ असे लिहून सही केली होती. ते पान रद्द समजावे. कारण कलम ६ मध्ये येईल.

कलम ३. हत्यारे आणि इतर जंगम वस्तू

प्रमाण वजनांची लाकडी पेटी, सोबतचा चिमटा आणि हातमोजे, प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारिणीला द्यावे. वजने बोटांनी उचलू नयेत. बोटाचा घामही वजनात धरला जातो. हे मी तिला दोन वर्षे सांगते आहे; मृत्युपत्रात लिहिले म्हणजे तरी लक्षात राहील.

आमच्या विभागाच्या साहेबांनी माझे दोन अहवाल स्वतःच्या नावावर पाठवले होते. त्यांना माझी मोठी पट्टी द्यावी. ती एका टोकाला अर्धा मिलिमीटर झिजलेली आहे. कोणत्या टोकाला, ते त्यांनी शोधावे.

पुस्तके, भांडी, सायकल वहिनीने ठरवावीत. वहिनी म्हणजे दादाची बायको. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिच्याकडे सोपवत आहे. आमचे फारसे बोलणे नाही. पण कुठल्याही यंत्रासोबत आलेले माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माझ्या माहितीतली ती एकमेव व्यक्ती आहे.

कलम ४. कुत्रा

कायदा कुत्र्याला जंगम वस्तू मानतो, म्हणून तो खरे तर कलम ३ मध्ये सायकलीनंतर यायला हवा होता. मला ते मान्य नाही. त्याचे वेगळे कलम केले आहे.

वर्णन: नर, तपकिरी, डावा कान दुमडलेला, वय अंदाजे नऊ, वजन गेल्या सोमवारी एकोणीस किलो सहाशे. माझ्याकडे तो एकोणीस महिन्यांपूर्वी आला. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर चिठ्ठी होती: ‘शांत कुत्रा चांगल्या घरी देणे आहे.’ खालच्या नंबरावर फोन केला. साधारण चाळिशीच्या एक बाई कुत्रा घेऊन आल्या. म्हणाल्या, वडिलांचा होता, वडील वारले, घर लहान, मुलीला दमा. नाव विचारले तर म्हणाल्या, “तुम्हाला आवडेल ते ठेवा.” मग पिशवीतून एक कागद काढला. त्यावर लिहिले होते की मी त्यांच्या कुटुंबाशी पुन्हा संपर्क करणार नाही. दुःख ताजे असेल असे समजून मी सही केली. मी सही सहज करत नाही. माझ्या सहीवर औषधांच्या कारखान्यातले वजनकाटे चालतात.

मी त्याचे नाव पारा ठेवले. दुसऱ्याच दिवशी तो त्या हाकेला आला. माझ्या शिकवण्यामुळे, असा माझा समज झाला.

एक गोष्ट जुळत नव्हती. त्याच्यासाठी गादी शिवून आणली होती, पण तो झोपे न्हाणीघरातल्या वजनकाट्याजवळ, हनुवटी काट्याच्या लोखंडी पट्टीवर टेकवून. काटा एक किलो नऊशे दाखवी. डोक्याचे वजन कळले, कारण कळले नाही. मी तशी नोंद करून ठेवली.

कलम ५. मी काय केले आणि काय केले नाही

हे कलम मालमत्तेचे नाही. पण याच्याशिवाय पुढची वाटणी कोणाला समजणार नाही.

पारा आल्यानंतर चार महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की प्राण्यांचे डॉक्टर आम्हाला गुरुवारची वेळ कधीच देत नाहीत. गुरुवारी दवाखाना रिकामा असे. मी बाहेरून जाताना पाहिले होते. मी सरळ विचारले.

“गुरुवार नको ताई. गुरुवारी शिंपीकाका येतात.”

“कोण शिंपीकाका?”

“अहो, याचे आधीचे मालक.”

“ते वारले.”

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. “कोण म्हणालं? परवा तर मागे बसले होते चांगले तासभर. उलट त्यांना सांगितलंय की हा वारला.”

आम्ही दोघांनी कुत्र्याकडे पाहिले. त्याने शेपूट हलवले.

हळूहळू सगळे कळले. शिंपीकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे. घरात कुत्र्याला अडखळून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ते इस्पितळात असताना मुलीने कुत्रा मला दिला. परत आल्यावर त्यांना सांगितले की तो आजारी पडला, गेला, डॉक्टरांनीच पुरला. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नव्हती. काठी टेकत काका दवाखान्यात आले आणि विचारू लागले, “कुठं पुरलात त्याला? जागा दाखवा.” डॉक्टर भला माणूस. समोर थरथरणारा म्हातारा पाहून त्यांना काही सुचले नाही. त्यांनी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ बोट दाखवले. तेव्हापासून दर गुरुवारी काका तिथे येऊन बसत, जमिनीवर दोन बिस्किटे ठेवत आणि जात.

“मी एकदाच बोट दाखवलं हो,” डॉक्टर म्हणाले. “आता तिथे कुंडी ठेवली तरी त्यांना राग येतो.”

यानंतर मी अकरा आठवडे गप्प राहिले.

त्या वेळी मी स्वतःला जी कारणे दिली ती अशी. मी सही केली होती. काकांचे दुःख बसत आले असेल, ते ढवळण्याचा मला काय अधिकार. कुत्रा आता रुळला आहे, त्याला पुन्हा इकडून तिकडे करणे क्रूरपणा. मुलीने हे वाईट बुद्धीने केलेले नाही. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. पाचवी मी लिहून काढली नव्हती: काकांनी परत मागितला तर मला तो द्यावा लागेल. पहिल्या चार कारणांना बळ पाचव्यातून मिळत होते.

काटा तपासताना आम्ही आधी रिकामे पारडे पाहतो. रिकामे असताना काटा शून्यावर नसेल, तर पुढचे प्रत्येक वजन चुकते, मग माल कितीही चोख असो. मी पाऱ्याला औषधे वेळेवर दिली, फिरवले, त्याच्यासाठी रजा घेतल्या. हे सगळे मापात होते. शून्य चुकले होते.

अकराव्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी मी एकटी दवाखान्याच्या मागे गेले. खरे सांगायला गेले होते असे कोणी समजू नये. फक्त पाहायला गेले होते. काका टाकीच्या कठड्यावर बसून एका पँटची दुमड टाचत होते. मी शेजारी बसले.

“तुझं कोण आजारी आहे, पोरी?”

“कोणी नाही.”

“मग चांगलं आहे.” सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, “माझा इथं आहे. मुलगी म्हणते आजारानं गेला. माझं मन राखते ती. मी पडलो ना, त्याच्या अंगावरच पडलो. आतून काहीतरी मोडलं असणार त्याचं. चोवीस किलोचा जीव, त्यावर मी ओंडक्यासारखा.”

“एकोणीस चारशे,” मी म्हणाले.

सुई थांबली. “काय?”

चुकीचे वजन ऐकले की मी दुरुस्त करते. नऊ वर्षांची सवय आहे. खरे बाहेर पडले ते धैर्याने नव्हे, सवयीने. त्याचे श्रेय मला देऊ नये.

“त्याचं वजन. परवाच्या सोमवारी केलं.”

“कुणाचं?”

“त्याचंच. तो मेलेला नाही. माझ्याकडे आहे. तुमच्यामुळे त्याचं काहीही मोडलेलं नाही.”

काकांनी जमिनीकडे पाहिले. तेवढ्यात डॉक्टर दारात आले, हातात पट्टीची गुंडाळी. काका त्यांना म्हणाले, “मग इथं कोण आहे?”

“कोणी नाही, काका. खालून पाण्याचा पाइप गेलाय.”

“म्हणजे मी पाच महिने पाइपाला बिस्किटं घातली?”

“वाया नाही गेली,” डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले. “मुंग्यांनी खाल्ली.”

काका हसले. मग रडले. मग आम्हा दोघांना इतक्या शिव्या दिल्या की आत एक मांजर पिंजऱ्यासकट सरकले. शेवटी म्हणाले, “आण त्याला.”

मी आणला. तो उड्या मारील असे मला वाटले होते. तो चारेक सेकंद उभा राहिला, मग गेला आणि काकांच्या बुटावर हनुवटी टेकवून आडवा झाला. काकांनी सांगितले की आयुष्यभर तो शिवणयंत्राच्या लोखंडी पायडलवर हनुवटी ठेवून झोपला. ते पाय हलवत आणि त्याचे डोके डुलत राही. वजनकाट्याची नोंद मी तिथे पुरी केली. त्याचे नाव टाका होते, हेही तेव्हाच कळले. “शेजारी कोणी ‘केर टाका’ म्हणालं तरी धावायचा, येडा,” काका म्हणाले. ‘पारा’ आणि ‘टाका’ यांचा सूर एकच; पारा या हाकेला तो दुसऱ्याच दिवशी का आला, याचा उलगडा झाला. माझ्या शिकवण्याचा त्यात काही भाग नव्हता.

निघायची वेळ झाली तेव्हा तो आम्हा दोघांच्या मधोमध बसला. मी पट्टा सोडून दिला. ते सोपे गेले नाही, म्हणून नोंदवते. काकांनी पट्टा उचलला नाही.

“ओढायचा नाही,” ते म्हणाले. “दोघांनी ओढलं की कापड फाटतं. दिवसा तू कुठं असतेस?”

“कामावर.”

“मग हा?”

“एकटा.”

“माझं यंत्र मुलीकडं जिन्यात गोणपाटाखाली आहे,” ते म्हणाले. “तुझ्या खोलीत उजेड कसा येतो?”

ते यंत्र गेले वर्षभर माझ्या पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. काका दहाला येतात, सहाला जातात. कुत्रा पायडलवर डोके ठेवून असतो. गिऱ्हाइके माझ्याच दारात चपला काढतात. कोणाची बाही आखूड झाली, कोणाची पँट कमरेत घट्ट, हे सगळे मला आता ठाऊक असते, माझी इच्छा असो वा नसो.

राहिली मुलगी. तिच्याबद्दल मी सगळ्यात कमी लिहिणार होते. ते योग्य होणार नाही. यंत्र आले त्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली.

“तुम्ही सही केली होती.”

“हो.”

“मग?”

“मोडली.”

“बाबांना पुन्हा पाडलं त्यानं तर कोण उचलणार? तुम्ही?” आणि मग, आवाज न चढवता, “खरं बोलायला तुमचं काय जातंय? त्यांची औषधं मी देते. मुलीचा दम्याचा पंप मी भरते. दोन खोल्यांत कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे मला ठरवावं लागलं, तुम्हाला नाही. कुत्रा द्या म्हटलं असतं तर ते कुत्र्याला घेऊन निघून गेले असते. तसे आहेत ते.”

  काका एवढेच म्हणतात, “तिनं कच्चा धावदोरा घातला होता, वेळ मारून न्यायला. मीच पक्की शिवण समजलो.” पण बापाने मुलीला माफ करणे निराळे, आणि मी तिला दिलेला शब्द मोडणे निराळे. खोटे ती बोलली. शब्द मी मोडला. दोन्ही चुका नोंदल्या जाव्यात. एकीने दुसरी भरून निघत नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. काकांचा डबा मात्र रोज येतो, आणि गेल्या काही महिन्यांत त्यात दोन पोळ्या जास्त असतात. कोणासाठी ते मी विचारलेले नाही.

कलम ६. दादा

मी नऊ वर्षांची असताना माझी मांजर नाहीशी झाली. दादा सतरा वर्षांचा होता. “पळून गेली,” म्हणाला. मी गल्लीतले प्रत्येक गटार पाहिले. पुढे कधीतरी कळले की आईने सांगितले म्हणून त्यानेच ती कोणाला तरी दिली होती. आईवडील आता नाहीत. या गोष्टीबद्दल मी बावीस वर्षे काही बोलले नाही, आणि न बोलताच कलम २ मधले पान लिहिले.

मागच्या महिन्यात शस्त्रक्रियेची तारीख सांगायला त्याला फोन केला, आणि ठेवता ठेवता विचारले, “माझी मांजर कुठे दिलीस?”



“दूधवाल्याच्या दुकानात गं. मागच्या चौकात. पाच वर्षं होती तिथं. ही जाडी झाली होती. मी बघायला जायचो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू शोधायची थांबलीस ना. मग म्हटलं कशाला.”

“शोधायची नव्हते थांबले. तुला विचारायची थांबले होते.”

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, पाऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि काकांना न विचारता त्यांच्या गुंड्यांचा डबा लावून दिला. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

सबब, माझ्या दोन खोल्या दादा आणि वहिनीला मिळाव्यात, पुढील अटींवर.

कलम ७. अटी

अ) पारा ऊर्फ टाका हयात असेपर्यंत पुढच्या खोलीत शिंपीकाकांना दहा ते सहा यंत्र चालवण्याचा हक्क राहील. खिडकीसमोर कपाट ठेवून उजेड अडवू नये. किल्ली आजच त्यांच्याकडे आहे.

आ) सहानंतर कुत्र्याने दादाच्या घरी राहावे. दादाने हो म्हटले आहे. वहिनीने आधी त्याच्या औषधांची यादी मागितली आणि मग हो म्हटले. तिचे हो मी जास्त धरते.

इ) गळ्यातल्या बिल्ल्यावर दोन्ही नावे आहेत. कोणतेही खोडू नये.

ई) त्याच्या औषधपाण्याचा खर्च माझ्या बचतीतून व्हावा. उरेल ते दादाचे.

उ) काका आधी गेले किंवा थकले, तर कुत्र्याला नेऊन त्यांना भेटवावे. मी गेले, तर त्याला माझ्याजवळ आणून वास घेऊ द्यावा. इस्पितळाचा नियम आड आला, तर माझा अंगावरचा कपडा घरी आणून द्यावा. मी पळून गेले, असे त्याला वाटू नये.

ऊ) मुख्य अट. या कुत्र्याचा ताबा पुन्हा बदलण्याची वेळ आली, तर आधीच्या माणसाला नव्याचा पत्ता द्यावा आणि नव्याला आधीच्याचा. कोणी जिवंत असेल तर जिवंत आहे असे सांगावे. मेला असेल तर मेला असे. याने अडचण होईल. मला ठाऊक आहे. तरीही.

कलम ८. साक्षीदार

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. शिंपीकाकांना ही गोष्ट समजावताना अर्धा तास गेला. त्यांनी त्यासाठी शर्टाला इस्त्री केली होती. एक साक्षीदार प्राण्यांचे डॉक्टर. दुसरी जागा मी शिंपीकाकांच्या मुलीसाठी मोकळी ठेवली आहे. माझ्याविरुद्ध तक्रार करण्याचा तिला हक्क आहे. अशा व्यक्तीने मजकूर नीट वाचलेला असेल, याची मला खात्री वाटते. तिने नाकारले तर दोष तिला नाही. मग प्रयोगशाळेचा पहारेकरी सही करील, त्याच्याशी बोलून ठेवले आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे आणि ती माझी आहे. हा कागद कधीच उघडावा लागू नये अशी माझी इच्छा आहे. इच्छेला कायद्यात वजन नसते, तरी ती इथे ठेवते.

लिहून देणारीची सही: (केली)

ठिकाण: माझी पुढची खोली, शिवणयंत्राच्या फळीवर

दिवस: गुरुवार, शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी, दुपारी साडेचार

साक्षीदार पहिला: प्राण्यांचे डॉक्टर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. टाकीजवळ आता कुंडी ठेवली आहे. (सही)

साक्षीदार दुसरी: शिंपीकाकांची मुलगी. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले, दोनदा. कलम ५ मधले माझे बोलणे बरोबर उतरवले आहे. एक दुरुस्ती: डब्यात दोन नाही, तीन पोळ्या जास्त असतात. दोन टाकाच्या, तिसरी तुमची असते. तीही बाबा त्यालाच घालतात असे दिसते. तुम्ही इस्पितळात असाल तेवढे दिवस बाबा आणि टाका दोघेही दिवसरात्र माझ्याकडे राहतील. मुलीच्या डॉक्टरांना विचारले आहे. थोडे दिवस चालेल, तिची गादी आतल्या खोलीत हलवली आहे. पण यापुढे हा कुत्रा मी कोणाच्याही हाती देणार नाही. तुमचा तुम्ही येऊन न्या. (सही)